एकेचाळीस लेयरांचा साडभाऊ

सूर्य उगवेल की नाही याची काळजी साऱ्या जगाने केव्हाच सोडून दिली आहे. पण तो नेमका कोणत्या बाजूने उगवला, आणि समोरच्या माणसाच्या नाकाची सावली त्या हिशेबाने बरोबर पडली की नाही, याची काळजी वाहणारा एक माणूस अजून भंडारा जिल्ह्यात शिल्लक आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कोंढ्याला बसस्टॉपच्या समोर त्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे बॅनर, वारलेल्या माणसांचे हार घालण्याजोगे फोटो, अशी सगळी कामं तो कॉम्प्युटरवर करतो. अंगाने काडी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि चेहऱ्यावर सदैव असा भाव, की आत्ताच गॅस चालू ठेवून घराबाहेर पडला आहे. मी भंडाऱ्याला हायस्कुलात मास्तर. माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे. त्यामुळे आमचं जमायला पंधरा वर्षं लागली, आणि जमलं तेही त्याने माझा पिच्छा सोडला नाही म्हणून.

तो कोणाच्या घरी गेला की आधी माणसांकडे बघत नाही, उजेडाकडे बघतो. खिडकी कुठे, दार कुठे, कोणाच्या गालावर किती अंधार, हे मनाशी लावून झालं की मग "रामराम" म्हणतो. एकदा माझ्या सासुरवाडीच्या एका लग्नाचा जुना अल्बम सगळे मिळून बघत होतो. याने एका फोटोवर बोट ठेवलं आणि हळहळत विचारलं, "हे काका कवा वारले?" ते काका, म्हणजे माझे चुलतसासरे, त्याच्याच बाजूच्या खुर्चीत चिवडा खात बसले होते. ते उसळलेच. "बे, मी तुह्या बाजूले बसून राहिलो नं!" याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण बोट काही हललं नाही. म्हणाला, "मंग काका, तुमी या लग्नात नव्हते. साऱ्याईच्या नाकाची सावली उजवीकडं हाय, तुमची डावीकडं. अन् पायाखाली तं सावलीच नाई." काकांनी चिवड्याची बशी खाली ठेवली. मग हळूहळू बाहेर आलं ते असं, की मानपानावरून रुसून काका त्या दिवशी पवनीला एका मित्राकडे जाऊन बसले होते, आणि नंतर अल्बमवाल्याला गुपचूप गाठून त्यांनी स्वतःला त्या फोटोत चिकटवून घेतलं होतं. बारा वर्षं ते त्या लग्नातल्या जेवणाच्या गोष्टी आम्हाला सांगत होते! त्या दिवसापासून आमच्याकडे हा आला की अल्बमचं कपाट बंद असतं.

त्याच्या धंद्याचं गणित त्याने मला शंभर वेळा समजावून सांगितलं आहे, मी न विचारता. कॉम्प्युटरवरचा फोटो म्हणजे एक कागद नव्हे, पारदर्शक कागदांची चळत. त्या एकेका कागदाला म्हणायचं लेयर. वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा त्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या, आणि याच्या लेखी त्या तऱ्हा म्हणजे जितीजागती, बहुतेक करून दुष्ट, माणसं. "गुरुजी, मल्टिप्लाय पांढरं खाते. स्क्रीन काळं खाते. सॉफ्ट लाइट गरीब हाय, पन त्याच्यावर भरोसा नाई ठेवाचा." मल्टिप्लायशी त्याचं वैर जुनं. एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भला मोठा बॅनर होता. मागे हिरवंगार धानाचं शेत, पुढे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हात जोडलेले साहेब. घाईत साहेबांचा लेयर मल्टिप्लायवर राहून गेला. बॅनर चौकात चढला तेव्हा लोकांनी बघितलं, की धानाच्या बांधीत एक मुंडकं, काळ्याभोर मिशा आणि जोडलेले दोन हात तरंगताहेत, मध्ये साहेब नाहीतच. याला ताप भरला. तीन दिवस स्टुडिओ बंद, शटरवर 'घरी दुःख आहे' अशी पाटी. चौथ्या दिवशी साहेबांचा माणूस शोधत घरीच आला. हा कोठीत धानाच्या पोत्यांमागे जाऊन बसला. निरोप असा होता, की साहेब शेतकऱ्यांशी एकरूप झाले हे फार छान दाखवलं, असेच आणखी पाच पाहिजेत. ते पाच मुद्दाम तसे करताना त्याला पुन्हा ताप भरला.

केलेलं काम पुसलं जाईल ही दुसरी भीती. दर अर्ध्या मिनिटाला तो काम सेव्ह करतो, आणि ती सवय बोटांत इतकी भिनली आहे की पंगतीत जेवतानाही डाव्या हाताची दोन बोटं मांडीवर टकटक दाबत असतात. वरणात तूप पडलं, टकटक. माझ्या बायकोने भात वाढला, टकटक. शिवाय प्रत्येक कामाच्या तीन प्रती तीन पेन ड्राइव्हवर. एक स्टुडिओत, एक बायकोच्या मसाल्याच्या डब्यात, आणि तिसरी भंडाऱ्याला माझ्या शाळेच्या कपाटात. मी म्हटलं, "अरे, कोंढ्यात असं काय होणार आहे?" तर म्हणाला, "आग लागू शकते." "आणि भंडाऱ्याला पूर आला तर?" हे मी गमतीने बोललो, आणि माझी जीभ झडो, त्याच आठवड्यात त्याने चौथी पेन ड्राइव्ह आणून आंबागडच्या त्याच्या आत्याकडे पाठवली. गाव किल्ल्याखाली, उंचावर, तिकडे पाणी चढणार नाही म्हणून. त्या आत्याकडे अजून कॉम्प्युटर नाही.

पण या सगळ्या काळज्यांची राणी म्हणजे काम संपवण्याची भीती. एकदा दिलं की दिलं, मग चूक दिसली तर काय करायचं? म्हणून तो देतच नाही. लोक समजूतदार, आणि त्याच्यासारखं काम आसपास कोणी करत नाही हेही खरं, म्हणून निभतं. एक जोडपं अल्बम न्यायला आलं ते दीड वर्षाच्या पोराला कडेवर घेऊन. पोराने आईबापाचे फोटो बघितले आणि आपण कुठेच नाही म्हणून भोकाड पसरलं. या माणसाने गंभीरपणे विचारलं, "टाकून देऊ का एका कोपऱ्यात? ओपॅसिटी कमी ठेवतो, एकदम पुसट दिसन." सोबत आलेल्या नवरीच्या आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो खुर्चीसकट मागे सरकला. मी या गोष्टी घरी रंगवून सांगायचो, आणि माझ्या सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. धाकट्या जावयावर त्यांचा फार जीव.

सासूबाई आमच्याकडेच असतात. माझे सासरे जवाहरनगरला कारखान्यात नोकरीला होते, तिशीतच कावीळ होऊन पंधरा दिवसांत गेले. थोरली पोरगी, म्हणजे आमची ही, चार वर्षांची, धाकटी अजून पाळण्यात. सासूबाईंनी त्यानंतर लोकांच्या बांध्यांत धानाचे रोवणे केले, शिवण शिकल्या, दोन्ही पोरींना शिकवलं. कधी काही मागितलं नाही. गेल्या वर्षी डोळ्यांना धूसर दिसतं म्हणाल्या म्हणून नागपूरला नेलं. डॉक्टरने काचबिंदू सांगितला. जे गेलं ते परत येणार नाही, आणि उरलं आहे तेही थोडक्या महिन्यांचं. त्या रविवारी धाकटी आणि साडभाऊ भेटायला आले, आणि जेवताना सासूबाई त्याला म्हणाल्या, "जवाईबापू, एक फोटो करून द्या. तुमच्या सासऱ्याचा अन् माहा, बाजूबाजूनं बसलेला. आमचा दोघायचा एकबी नाई. दिसते तोवर पाहून घीन." त्याने विचारलं, किती दिवस. त्या म्हणाल्या, "ते डोयेच सांगतीन." "आठ दिवसात देतो आई," तो म्हणाला, आणि मला ठसका लागला.

सासऱ्यांचा जगात एकच फोटो होता, नोकरीच्या गेटपासवरचा. आगपेटीएवढा, काळा-पांढरा, आणि डाव्या गालावर जांभळ्या शाईच्या शिक्क्याचा अर्धगोल. त्यात उजेड उजवीकडून आला होता, म्हणून सासूबाईंचा फोटोही तशाच उजेडात हवा. त्यासाठी हा तीन वेळा कोंढ्याहून आला. व्हरांड्यात खुर्ची मांडायची, उठवायची, हातभर सरकवायची, आकाशाकडे बघून सुस्कारा सोडायचा, आणि "आज ढग हाय" म्हणत बस पकडायची. सासूबाई इस्त्रीचं पातळ नेसून प्रत्येक वेळी तेवढ्याच हौसेने बसल्या. मग शिक्का काढला, तर त्याखालचा गाल कसा होता हे कोणाला ठाऊक? त्यासाठी चौदा फोन. शर्टाला रंग कोणता द्यावा यासाठी आणखी सहा. शेवटी सासूबाईंनीच फोन हातात घेतला. "फिका निया होता. मीच धूत होती," एवढंच म्हणाल्या, आणि फोन माझ्याकडे देऊन आत गेल्या.

आठाचे चाळीस दिवस झाले तेव्हा त्याचा रडवेला फोन आला. "गुरुजी, गडबड झाली. मायलेक दिसून राहिले." खरंच होतं. सासरे तिशीचे, सासूबाई सत्तरीच्या, बाजूबाजूला बसवले की आई आणि मुलगा. मग याने ठरवलं, सासऱ्यांना म्हातारं करायचं. जो माणूस म्हातारा झालाच नाही तो झाला असता तर कसा दिसला असता, याचा ध्यास घेऊन हा पवनीच्या बाजारात म्हाताऱ्यांची तोंडं निरखत फिरायला लागला. एका आजोबाच्या समोर इतका वेळ उभा राहिला की त्यांनी काठी उगारली. "काय पायते बे, फुकटात?" दोन्ही पोरींच्या हनुवट्यांचे फोटो घेतले. माझ्या कपाळाचाही घेतला. "तुमच्या आठ्या घेतो गुरुजी. तुमी त्याईच्या रक्ताचे नाई, पन काळजीच्या आठ्या साऱ्याईच्या सारख्याच." एकेक सुरकुती वेगळ्या लेयरवर, सॉफ्ट लाइटमध्ये, कुठे गडद, कुठे उजळ. केस पांढरे करायचे लेयर वेगळे, मानेखालच्या सैल कातडीचे वेगळे. मोजून एकेचाळीस झाले. रोज दुपारी जेवायच्या सुट्टीत मला फोन यायचा, की आज डावी भुवई बिघडली.

इकडे सासूबाईंचं दिसणं उतरत होतं. चहा कपाच्या बाहेर जायला लागला. दारात उभ्या असलेल्या माणसाला आवाज येईपर्यंत ओळखेनात. तांदूळ निवडताना खडे बोटांनी शोधायच्या, आणि आम्ही बघतो आहोत असं वाटलं की उगाच मान खाली घालून डोळे ताटाजवळ न्यायच्या. एक दिवस त्यांनी हिला विचारलं, "फोटोचं झालं का वो कायी?" तोवर त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. मी शाळेतून अर्धी रजा टाकली, कोंढ्याची बस धरली, आणि स्टुडिओत शिरून त्याला जन्मात बोललो नाही असं बोललो. "अरे गाढवा, तुझी भुवई नीट होईपर्यंत म्हातारीला उजेड दिसणं बंद होईल! कोणासाठी करतो आहेस हे?" त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाला, "गुरुजी, बाकीच्याईचं चुकलं तं ते वापस घेऊन येतात, मी दुरुस्त करून देतो. आई एकच डाव पाह्यतीन. चुकलं तं मंग कवा दुरुस्त करू?" मी आयुष्यभर त्याच्या काळजीला येडचापपणा म्हणत आलो, आणि ही काळजी तर माझ्याही पोटात होतीच, फक्त मी ती रागावून बाहेर काढत होतो. मी म्हटलं, "उद्या ये. जसा असेल तसा घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तो अख्खा कॉम्प्युटर वाकळेत गुंडाळून एसटीने घेऊन आला. कागदावर त्यांना दिसणार नाही, पडद्यावर उजेड वाढवता येतो, म्हणून. खोलीचे पडदे ओढले. सासूबाई पडद्यापासून वीतभर अंतरावर बसल्या, पाठीमागे मी आणि आमची ही, बाजूला तो. पडद्यावर सासूबाई होत्या, आणि त्यांच्या बाजूला फिक्या निळ्या शर्टातला, पांढऱ्या केसांचा, शांत चेहऱ्याचा एक म्हातारा. मला विचाराल तर कमाल झाली होती. सासूबाई चेहरा इकडून तिकडे नेत बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "हे कोन होय?"

साडभाऊ पुढे वाकला. "बाबा हायेत, आई. आता असते तं असे दिसले असते."

"असा मानूस मी पाह्यला नाई, बापू."

त्याने आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, हा आता कोसळतो. पण तो माऊस धरून बसला आणि त्याने एकेक लेयर बंद करायला सुरुवात केली. कपाळावरच्या माझ्या आठ्या गेल्या. "अजून," सासूबाई म्हणाल्या. मानेची कातडी गेली, डोळ्यांखालचा अंधार गेला. "अजून." केस काळे झाले. पाच महिन्यांची मेहनत तो बोटाच्या एकेका दाबाने पुसत होता, आणि पडद्यावरचा माणूस वर्षावर्षाने तरुण होत होता. शेवटची सुरकुती गेली तशा सासूबाई म्हणाल्या, "थांबा." आणि मग अगदी हलकेच, "हां. हा."

"पन आई," तो चाचरत म्हणाला, "मायलेक दिसते हो."

"दिसू द्या. मी मांगं राह्यली, दोन पोरी वाढवल्या, ते माह्या तोंडावर दिसनच. त्याच्या तोंडावर कायले काढता? त्या सुरकुत्या माह्या होत." आमची ही तोंड फिरवून उभी राहिली. सासूबाई अजून बघतच होत्या. त्यांचं बोट पडद्यावरच्या स्वतःच्या खांद्यापाशी थांबलं. "हे काळं काय होय इथं?" तो म्हणाला, "बाबाची सावली, आई. माणसं इतकी जवळ बसली की एकाची सावली दुसऱ्यावर पडते. नाई टाकली तं चिकटवल्यावानी दिसते. काढू का?" सासूबाईंनी मान हलवली. "नका काढू," म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी भंडाऱ्यातच मोठा फोटो छापून घेतला आणि पुढच्या खोलीत, बुद्धमूर्तीच्या बाजूच्या भिंतीवर लावला. सासूबाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर खुर्ची ओढायच्या, खुर्ची अगदी भिंतीला टेकायची. चहा हातातच थंड व्हायचा. साधारण तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी त्या सवयीने तिथे बसल्या, थोडा वेळ थांबल्या, आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून हिला म्हणाल्या, "आज फोटो काढून ठेवला का वो भिंतीवरून?"

फोटो भिंतीवरच होता.

मी साडभावाला फोन केला. त्याने विचारलं, "पोटभर पाह्यला ना, गुरुजी?" मी हो म्हटलं. आणि आश्चर्य म्हणजे त्याने पुढे काहीच विचारलं नाही, काही चुकलं होतं का हेसुद्धा नाही. रविवारी पहिल्या बसने आला, सासूबाईंची खुर्ची भिंतीशी सरकवली, स्वतः खाली सतरंजीवर बसला, आणि फोटोत काय काय आहे ते त्यांना सांगायला लागला. बाबाच्या शर्टाची वरची गुंडी उघडी आहे, उजेड उजवीकडून येतो आहे, बाबाचा डावा कान अंधारात आहे, तुमच्या पातळाचा काठ इथून इथवर दिसतो. तो दर रविवारी येतो आणि दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगतो. त्यांनी विचारलं की आम्ही दोघं नवरा-बायको "छान दिसतो" म्हणून मोकळे होतो, म्हणून त्या आम्हाला विचारतच नाहीत, रविवारची वाट बघतात. त्याचं बोलणं पंधरा वर्षं मी अर्ध्यातच तोडत आलो. आता रविवारी पेपर तपासायचे बाजूला ठेवतो आणि दाराशी बसून शेवटपर्यंत ऐकतो.